तीन वेळा फुंका

माझ्या आवाजाविरुद्ध आमच्या सोसायटीत दोन लेखी तक्रारी आहेत. एक वरच्या मजल्यावरच्या चोप्रांची आणि दुसरी माझ्या सुनेची. सुनेची तक्रार फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीच्या स्वरूपात आहे एवढंच. मी बाल्कनीतून भाजीवाल्याकडे पाव किलो भेंडी मागितली तर समोरच्या टॉवरमधल्या बाईही पिशवी घेऊन खाली उतरतात, असं माझा मुलगा म्हणतो. यात माझा काही दोष नाही. एकतीस वर्षं दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी लोकांवर ओरडत होते, आणि सरकार मला त्याचा पगार देत होतं.

मी छातीच्या विभागात तंत्रज्ञ होते. माझ्या खोलीत एक यंत्र, एक खुर्ची, नाकाला लावायचे चिमटे आणि तोंडात धरायच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांचा खोका, एवढाच संसार. रुग्णाने नाकाला चिमटा लावायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, छाती भरेल तेवढा श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा यंत्रात फुंकायचा. बस, झाली तपासणी. ऐकायला सोपी वाटते. पण झोपलेल्या माणसाचा एक्सरे निघतो, बेशुद्ध माणसाचं रक्त काढता येतं. फुंकायचं मात्र ज्याचं त्यालाच लागतं. आणि माणसाचा स्वभाव असा की जिवावर बेतल्याशिवाय तो पूर्ण जोर लावत नाही. म्हणून त्याच्या कानाशी उभं राहून ओरडायचं. ‘पूरी साँस अंदर, और अंदर, अब फूँको! फूँको, फूँको, फूँको! और! और! छोड़ना नहीं!’ बाहेर बाकावर बसलेल्या नव्या रुग्णांना आत कुणाची तरी प्रसूती चाललीय असं वाटे. रुग्णालयात मला कुणी नावाने ओळखत नसे. मी ‘फूँकवाली मॅडम’.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगते, कारण शिकलेली माणसंही याबाबतीत अडाणी असतात. श्वास घेणं हे फुप्फुसांचं काम, असा सगळ्यांचा समज आहे. फुप्फुसं दिसायला मोठी, जागा अडवून बसलेली, नाव सगळं त्यांचं. पण स्वतःला फुगवायला लागणारा एक स्नायूसुद्धा त्यांच्यात नाही. मंत्रालयातल्या बड्या साहेबांसारखा प्रकार. खरं काम करतं ते खाली, छाती आणि पोटाच्या मधोमध ताणून बसवलेलं श्वासपटल, म्हणजे डायफ्राम. हा घुमटासारखा पातळ स्नायू. तो खाली ओढला जातो, फासळ्या वर उचलल्या जातात, छातीत जागा होते, आणि मग साहेब आपोआप फुगतात. हा कारकून जन्मापासून मरेपर्यंत एक दिवस रजा घेत नाही आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. मी खोलीत आलेल्या प्रत्येकाला हे सांगत असे. एकतीस वर्षं सांगितलं. ते मला स्वतःला कळलं होतं की नाही, हे पुढे येईलच.

हवा नाकातून आत जाते, श्वासनळीत उतरते, नळीला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे फुटतात, आणि शेवटी द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक वायुकोश येतात. ते सगळे उलगडून अंथरले तर सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनी झाकली जाईल एवढा त्यांचा पसारा. एवढी मालमत्ता देवाने प्रत्येकाच्या छातीत फुकट दिलेली आहे. दिल्लीकर तिच्यात काय भरतात ते मी सांगायला नको. नोव्हेंबरात गळ्यात हवा शुद्ध करायचा डबा अडकवून आलेले एक गृहस्थ मला आठवतात. तपासणीआधी बाहेर जाऊन सिगारेट ओढून आले होते. ‘मैडम, वो तो टेन्शन के लिए थी,’ म्हणाले. डबा चालूच होता.

या तपासणीत सगळ्यात महत्त्वाचा पहिला सेकंद. नळ्या मोकळ्या असतील तर छातीतली बहुतेक हवा पहिल्याच सेकंदात बाहेर येते. दमेकऱ्याची येत नाही, त्याच्या नळ्या आवळलेल्या असतात. एकदा लग्नाच्या बँडमधला एक तुतारीवाला आला. छाती ही अशी. मी मनात म्हटलं, आज यंत्राचे पांग फिटणार. गडी गाल फुगवून बसला आणि हवा अशी तोलून मापून सोडू लागला की आकडा मरायला टेकलेल्या माणसाचा आला. ‘अरे, एकदम छोड़ो!’ मी ओरडले. तो दुखावला. ‘मैडम, पच्चीस साल से साँस बचाना सीखा है। एकदम छोड़ दूँगा तो बारात कैसे पहुँचेगी?’ त्याला श्वास उधळायला शिकवण्यात माझी अख्खी दुपार गेली.

आणि पहाडगंजचे एक हॉटेलवाले होते. कितीही फुंकलं तरी छातीत सव्वा-दीड लिटर हवा उरतेच, ती मरेपर्यंत निघत नाही, असं मी त्यांना सांगून बसले. झालं! त्यांना ती बाहेर काढून दाखवायचीच होती. अकरा वेळा फुंकून शेवटी भोवळ येऊन खुर्चीत बसले. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, ‘निकली?’

पण माझ्या खऱ्या करामतीची जागा वेगळी होती. मी खोटारडे पकडत असे. नियम असा की एकदा फुंकून भागत नाही, तीनदा फुंकायचं. आजार खरा असेल तर तो तिन्ही वेळा तेच सांगतो, रेघेवर रेघ बसते. नाटक करणाऱ्याला एकच खोटं तीनदा सारखं फुंकता येत नाही. पहिल्यांदा तो फार कमी फुंकतो, मग भीती वाटून जरा जास्त, मग पुन्हा काहीतरी भलतंच. पडद्यावर तीन रेघा तीन दिशांना. मग मी अहवालावर दोन शब्द टाकत असे, ‘पुअर एफर्ट’. म्हणजे रुग्णाने प्रयत्नच केला नाही. या दोन शब्दांपुढे भल्याभल्यांचे अर्ज गार पडले.

असे अर्ज कुणाचे? सांगायला लाज वाटते, पण बरेचसे आपल्याच लोकांचे. केंद्र सरकारात नोकरीला असलेला मराठी माणूस दिल्लीत पाय ठेवतो त्याच दिवशी पुण्याच्या बदलीची वाट बघू लागतो. दिल्लीची हवा सोसत नाही, असा वैद्यकीय दाखला मिळाला की वाट जवळ होते. आमचं मराठी मंडळ दर जानेवारीत बस करून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायचं. तिथे माथा टेकायचा, घोषणा द्यायच्या, एकदोघांचे डोळे भरून यायचे, आणि मग गुळाची पोळी खाता खाता कुणीतरी मला कोपऱ्यात घेऊन विचारायचं, ‘सुनंदाताई, ते तुमचं फुंकायचं असतं ना, ते जरा हलकं लावता येतं का हो?’ जिथे आपली माणसं मागे न हटता पडली, त्या मातीवर उभं राहून आमचे लोक पुण्याला हटायची तजवीज करत.

त्यातले जोगळेकर म्हणजे मंडळाचे आधारस्तंभ, घोषणा देण्यात सर्वांत पुढे. ते एकदा तपासणीला आले. खोकला इतका तालात की मी दाद देणार होते. तीन फुंकांच्या तीन रेघा तीन गावांना गेल्या. मी शांतपणे ‘पुअर एफर्ट’ लिहिलं. त्या वर्षी मला मंडळाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

मला त्याचा अभिमानच वाटला. उलट पुढे मी आपल्या माणसाला जास्तच कडक झाले. बिहारचा, हरयाणाचा कुणी असला तर त्याला चौथी संधी, पाणी, पाच मिनिटं विसावा. समोरच्याने मराठीत तोंड उघडलं की माझ्या भुवया वर. खोलीतल्या इतरांना दिसलं पाहिजे ना, की ही बाई आपल्या लोकांचं ऐकत नाही! निःपक्षपातीपणाचा हा एक आजार असतो, त्यावर तपासणी निघालेली नाही.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली असतानाची गोष्ट. दुपारी साडेतीनच्या सुमारास एक चाळिशीचे गृहस्थ आत आले. हातविणीचा स्वेटर, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेले कागद.

‘नमस्कार मॅडम. मी सलीम तांबोळी, मूळचा मिरजेचा. इथे मंत्रालयात आहे. जोगळेकर साहेब म्हणाले, तिथे आपल्या मराठी बाई आहेत.’

जोगळेकरांचं नाव ऐकलं आणि माझा निकाल तिथेच लागला. फुंकणं बाकी होतं इतकंच.

‘काय होतंय?’

‘दम लागतो. आडवं पडलं की जास्त. सकाळी बरा असतो मी, पण दुपारनंतर जीव गळून जातो. ऑफिसचा जिना चढवत नाही.’

‘आणि बदलीचा अर्ज टाकलाय.’

ते ओशाळले. ‘टाकलाय. मिरजेत आई एकटीच असते. पण दम खरंच लागतो, मॅडम. इतक्या डॉक्टरांना दाखवलं, कुणाला काही सापडत नाही. ऑफिसने सांगितलं, ही तपासणी करून आणा.’

मी चिमटा लावला आणि ओरडायला सुरुवात केली, मराठीत. पहिली फुंक बरी आली. थोडी कमी, पण बरी. दुसरी तिच्याहून खाली. तिसरी आणखी खाली. मी म्हटलं, ‘तांबोळी, जोर लावा. लहान मूलसुद्धा यापेक्षा फुंकतं.’ चौथी त्याहूनही खाली. तोपर्यंत त्यांनी हनुवटीला हाताचा टेकू दिला होता आणि पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. बोलणंही नाकात येऊ लागलं होतं. मला वाटलं, आता झोपेचं सोंग.

नियमाप्रमाणे मी त्यांना नळ्या मोकळ्या करायचं औषध ओढायला दिलं आणि पंधरा मिनिटं बाहेर बाकावर बसवलं. परत आल्यावर पहिली फुंक पुन्हा बरी! मी टेबलावर हात आपटला. ‘बघा, मनावर घेतलं की येतं ना?’ मग दुसरी खाली, तिसरी आणखी खाली.

‘मॅडम, मी खरंच फुंकतोय हो,’ ते म्हणाले.

‘फुप्फुसं खोटं बोलत नाहीत, तांबोळी,’ मी म्हटलं, आणि ते दोन शब्द टाइप केले.

चहाच्या वेळी मी सगळ्यांना तांबोळींची नक्कल करून दाखवली. ‘सुबह ठीक रहता हूँ, दफ़्तर शुरू होते ही जान निकल जाती है। ये तो सरकारी नौकरी की राष्ट्रीय बीमारी है!’ सगळे खूप हसले. आमचे विभागप्रमुख खन्ना सरही हसले आणि हसता हसता त्यांनी त्या अहवालावर सही केली. मी त्या दिवशी घरी गेले ती खुशीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्यापाशी नाही.

दोन महिन्यांनी, होळी नुकतीच झाली होती, आणि वॉर्डातून निरोप आला. चौदा नंबरच्या रुग्णाला खाली आणता येत नाही, फुंकायचं छोटं यंत्र घेऊन वर या. मी गेले. पलंगावर उशांना टेकून बसवलेले तांबोळी होते. तोंडावर प्राणवायूचा मास्क, पापण्या डोळ्यांवर ओघळलेल्या, मान एका बाजूला. पायाशी त्यांच्या पत्नी नसीमा उभ्या होत्या. तांबोळींनी मला ओळखलं. त्यांनी हात उचलून नमस्कार करायचा प्रयत्न केला, पण हात अर्ध्यावरून खाली आला.

वॉर्डात डॉक्टर मीणा नावाची एक तरुण मुलगी होती, कामाला लागून वर्षही झालं नसेल. तिने त्यांना छताकडे एकटक बघायला लावलं होतं. मिनिटभरात पापण्या खाली आल्या. मग तिने कँटीनमधून बर्फ मागवला, रुमालात गुंडाळून एका डोळ्यावर दोन मिनिटं धरला, आणि ती एकच पापणी वर उचलली गेली. एवढ्यावर तिने आजार ओळखला. पुढच्या तपासण्यांनी तो पक्का झाला.

‘मैडम, इनके फेफड़े बिल्कुल ठीक हैं,’ ती मला म्हणाली. ‘नर्व का हुकुम मसल तक पूरा नहीं पहुँचता। पहली बार मसल काम करती है, फिर हर बार कम। थोड़ा आराम दो तो फिर चलती है। इसलिए सुबह ठीक, शाम को ख़राब। पापण्या, आवाज़, गर्दन, और अब डायफ्राम।’ ‘पापण्या’ हा शब्द ती नसीमांकडून शिकली होती.

माझ्या डोळ्यांपुढे तो पडदा उभा राहिला. खोटारड्याच्या रेघा वेड्यावाकड्या असतात. तांबोळींच्या तशा नव्हत्या. त्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकेक करून खाली उतरत होत्या, आणि विसाव्यानंतर पुन्हा वरच्या पायरीपासून तशाच उतरल्या होत्या. म्हणजे ते खोटं दोन वेळा सारखंच आलं होतं. माझ्याच नियमाने ते खरं होतं. ज्या कारकुनाचं कौतुक मी अठ्ठावीस वर्षं प्रत्येकाला ऐकवलं, तो बिचारा माझ्यासमोर पायरी पायरीने कोसळत होता आणि मी त्याला जोर लावा म्हणून दरडावत होते.

छोट्या यंत्रात फुंकायला त्यांचे ओठच मिटेनात. मग डॉक्टर मीणाने जुनी रीत काढली. रुग्णाने पूर्ण श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोजायचे. धडधाकट माणूस चाळीसच्या पुढे जातो. पंधराच्या खाली आला की डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडतात. दर तासाला मोजायचं आणि कागदावर टिपायचं. तांबोळींनी मोजायला सुरुवात केली ती अर्थातच मराठीत. जीव घुसमटला असताना माणूस परक्या भाषेत मोजत नाही. मीणा म्हणाली, ‘मैडम, आप ही रहिए। मुझे इनकी गिनती समझ नहीं आ रही।’

‘एक, दोन, तीन...’

नऊ. तासाने आठ. त्यानंतर सहा. सहावर त्यांच्या ओठांचा रंग बदलला आणि त्यांना कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर घेतलं.

मी व्हरांड्यात आले, तर नसीमा मागोमाग आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि ऐकायची माझी तयारी होती.

‘ताई,’ त्या म्हणाल्या, ‘त्यांच्या फाइलवर काहीतरी लिहिलं होतं म्हणे, ते प्रयत्न करत नाहीत असं. कुणी लिहिलं माहीत नाही. ऑफिसात सगळे त्यांना चिडवायचे, एफर्ट साहेब म्हणून. रोज सकाळी जिना चढून जायचे ते, रजा न घेता. म्हणायचे, रजा घेतली तर सगळ्यांना खरं वाटेल.’

‘मी लिहिलं,’ मी म्हटलं. माझ्या आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कधी बोलले नव्हते.

त्या वॉर्डाच्या दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, ‘मग आता तुम्हीच मोजा.’ आणि आत गेल्या.

तांबोळी बारा दिवस यंत्रावर होते. रक्तातला दोष गाळून काढायचा उपचार झाला, औषधं लागू पडली आणि नळी निघाली. त्या दिवसापासून मी माझी खोली संपवून रोज दोनदा वर जात असे. पहिल्या दिवशी सवयीने मी ओरडले, ‘और! आणखी!’ आणि मीणाने माझा दंड धरला. थकलेल्या स्नायूवर ओरडून उपयोग नसतो, तो आणखी थकतो. अठ्ठावीस वर्षांत मला एकच गोष्ट येत होती आणि तीच तिथे चालत नव्हती. मग मी स्टुलावर गप्प बसायला शिकले. अकरा. तेरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा. मी काही बोलायची नाही, फक्त आकडा टिपायची. अठरा झाले त्या दिवशी नसीमांनी मला डब्यातला शिरा दिला. एकवीसच्या दिवशी तांबोळी स्वतःहून बोलले, ‘मॅडम, तुमचा आवाज एवढा लहान आहे हे माहीत नव्हतं.’

आता तो अहवाल. त्याच्या जोरावर बदलीचा अर्ज फेटाळला गेला होता आणि तो कागद फाइलमध्ये तसाच बसला होता. मी खन्ना सरांकडे गेले आणि अहवाल दुरुस्त करा म्हटलं.

त्यांनी तो नीट वाचला. ‘सुनंदा जी, ग़लती कहाँ है? एफर्ट तो पुअर ही था। मशीन में जो आया, वही लिखा है।’

‘सर, आदमी मर रहा था।’

‘हमने लिखा क्या कि नहीं मर रहा था?’

त्यांचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं, आणि सरकारात अक्षराच्या पुढे कुणी जात नाही. सही केलेला अहवाल तंत्रज्ञाने बदलायचा नसतो. मी बदलला नाहीच. मी त्याच्या रेघांची प्रत काढली, चार फुंकांच्या चार पायऱ्या लाल शाईने दाखवल्या आणि खाली लिहिलं, ‘रुग्णाने प्रत्येक वेळी पूर्ण जोर लावला होता. अपुरा प्रयत्न तपासणी करणाऱ्या व्यक्तीचा होता.’ खाली माझं नाव आणि पद घातलं, आणि खन्ना सरांना न विचारता ते पत्र तांबोळींच्या मंत्रालयाला पाठवलं. मला जाब विचारणारा मेमो आला. एकतीस वर्षांतला तो एकुलता एक. तो मी जपून ठेवला आहे, माझ्या सगळ्या प्रशस्तिपत्रकांच्या वर.

बदली त्या पत्रामुळे झाली की मीणाच्या कागदांमुळे, हे मला कळलं नाही. बहुधा मीणाच्याच. तांबोळी सांगलीच्या कार्यालयात गेले आणि मिरजेत आईजवळ राहू लागले. जाताना भेटायला आले तेव्हा जोगळेकरही सोबत होते. जोगळेकर मला म्हणाले, ‘ताई, बघा, आमच्या शब्दाला किंमत आली शेवटी!’ काही माणसांच्या फुप्फुसांत दुसऱ्याचीच हवा असते. ते स्वतः अजून दिल्लीतच आहेत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तांबोळींचा फोन येतो. ख्यालीखुशाली दोन वाक्यांत आटपते. मग ते श्वास घेतात आणि मोजतात. मी नोएडातल्या बाल्कनीत फोन कानाला लावून ऐकते. चौतीस. अडतीस. एकदा औषधात खंड पडला तेव्हा सत्तावीस, आणि त्या दिवशी मी नसीमांना फोनवर इतकी ओरडले की चोप्रांनी तिसरी तक्रार तोंडी केली.

या महिन्यात ते त्रेचाळीसला पोचले. मी म्हटलं, ‘शाब्बास!’ खाली दिल्लीची नेहमीची करडी हवा पसरली होती, समोरचा टॉवर अर्धा दिसत होता.

‘मॅडम, एवढी वर्षं तुम्हीच मोजून घेताय,’ ते म्हणाले. ‘आज तुम्ही मोजा.’

मी हसले, श्वास घेतला आणि सुरू केलं. सव्वीसला थांबले.

पलीकडे खो खो हसू. ‘पुअर एफर्ट, मॅडम! पुन्हा.’

हे माझ्या वाट्याला कधीतरी येणारच होतं, आणि त्यांच्याच तोंडून आलेलं बरं. मी ताठ बसले, खांदे मागे घेतले, श्वास छातीच्या तळापर्यंत भरला आणि जीव तोडून मोजलं. सव्वीस.

‘अजून एकदा,’ तांबोळी म्हणाले. ‘तीनदा करायचं असतं ना?’

तिसऱ्यांदाही सव्वीसच आले.

आता ते हसत नव्हते.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘हे खरं आहे. उद्याच जाऊन दाखवा.’